चुका सांगायची खोली

या, असे पुढं येऊन बसा. खांबाला टेकलात तरी चालेल, पण दाराशी नको. दाराशी बसलेल्या माणसाचं अर्धं लक्ष चपलांकडं असतं. मी काही बुवा नाही. माझ्या गळ्यात हार नाही, मागं पेटीवाला नाही. परळच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून आयुष्य गेलं, आणि उरलेला वेळ देवळात कीर्तनं ऐकण्यात गेला. ऐकून ऐकून एवढं कळलंय की गोष्ट सांगायच्या आधी सांगणाऱ्यानं आपलं मन पुसून घ्यावं. आज मला ते जमत नाहीये. तरी सांगते. खरं बोलला म्हणून ज्याचं वर्ष गेलं, अशा एका मुलाची ही गोष्ट आहे, आणि ज्या दोघींनी त्याला खरं बोलायला शिकवलं, त्यांतली एक मी आहे.

त्या सोमवारी दुपारी नर्सिंग शिकणाऱ्या मुलांची पाळी संपली आणि नेहमीसारखी सगळी चादरींच्या खोलीत जमली. आमच्या वॉर्डाच्या टोकाला ही खोली आहे. भिंतीला लागून धुतलेल्या चादरींच्या थप्प्या, लाँड्रीच्या वाफेचा तो उबट वास, आणि मधे जेमतेम दहाबारा माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा. मी बसले. शेजारी मुलांच्या मॅडमची, नम्रताची, जागा रिकामी होती; कॉलेजात मीटिंग आहे असा सकाळी तिचा निरोप आला होता. "बोला," मी म्हटलं, "आज पहिलं कोण?" कोणी बोलेना. मला वाटलं, दमलीत. "अरे, बोला की. कोणी पाणी सांडलं, कोणी नळी उलटी लावली?" दीपिका म्हणून एक चुणचुणीत मुलगी आहे, काळाचौकीची, तिला गप्प बसायला सांगावं लागतं. ती आपल्या नखांकडं बघत म्हणाली, "काही नाही, सिस्टर. आज सगळं नीट झालं." तिच्या शेजारची म्हणाली, "माझंही नीट झालं." मग तिच्या पुढचा. मग त्याच्या पुढची. वाटीतून तीर्थ फिरावं तसं ते 'नीट झालं' एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर फिरत माझ्यापर्यंत आलं, आणि मला दरदरून घाम फुटला. बाहेरच्या माणसाला वाटेल, बरं झालं, चूक झाली नाही. पण ज्या वॉर्डात माणसं जमिनीवर गाद्या टाकून झोपतात, जिथं एका नर्सच्या मागं चार हाका लागलेल्या असतात, तिथं चुकीशिवाय दिवस जात नाही. दिवस जातो तो चूक सांगून किंवा चूक लपवून. कीर्तन रंगात आलेलं असताना तबला मधेच थांबावा आणि बुवांचा आवाज एकटाच उघडा पडावा, तसं काहीतरी माझ्या कानांत झालं. मागच्याच आठवड्यात ह्याच मुलांमध्ये पहिलं कोण बोलणार यावरून भांडणं व्हायची. थर्मामीटर काखेत विसरला आणि आजोबा तो घेऊन संडासला गेले, हे सांगताना एकाला हसू आवरेना, आणि त्याच हसण्यात बाकीचे शिकले की थर्मामीटर लावला की तिथून हलायचं नाही. असं शिकणं फळ्यावर होत नाही.

ही बैठक आम्ही दोघींनी बसवली होती. त्याच्याआधी काय होतं ते सांगू का? दोन सासवांच्या घरात सून नांदावी तशी मुलं नांदत होती. गिरगावातलं त्यांचं नर्सिंग कॉलेज सांगायचं, ड्रेसिंग असं करा. वॉर्डात आली की आमच्या सिस्टर म्हणायच्या, ते पुस्तकातलं पुस्तकात ठेवून या, इथं माणसं खोळंबलीत. कॉलेजच्या मॅडम महिन्यातून एकदा येणार, लांबून बघणार, 'तुमच्याकडे शॉर्टकट फार' म्हणून जाणार. आम्हीही काही कमी नव्हतो. मॅडम आल्या की मुद्दाम सगळ्यांत घाणीचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर काढायचं, त्या रुमाल नाकाला लावतात का बघायचं. नम्रता पहिल्यांदा आली तेव्हा मी तेच केलं. माटुंग्याची, डॉक्टरेट झालेली, कडक इस्त्रीची कॉटनची साडी. तिनं साडी खोचली आणि म्हणाली, "कांताताई, माझे हात विसरलेत हो. मला आठवडाभर तुमच्या हाताखाली ठेवून घ्याल?" मला वाटलं, नाटक. पण ती आली. रोज आली. पहिल्या दिवशी सलाईनची शीर सापडेना तर स्वतःवरच हसली, आणि खाटेवरच्या बाईला म्हणाली, "मावशी, मी मास्तरीण आहे, मला शिकायला वेळ लागतो." त्या हसण्यावर मी भाळले. दुसरा शब्द नाही. या वयात मैत्रीण मिळते तेव्हा माणूस भाळतोच.

मग आमचं जमलं. ती सकाळी वर्गात जे शिकवी, तेच मी दुपारी खाटेपाशी शिकवी. ती म्हणायची, औषध देण्याआधी रुग्णाला त्याचं नाव विचारा. मी दाखवायची, कानानं अधू असलेला माणूस कुठल्याही नावाला 'हो' म्हणतो, म्हणून 'तुम्ही अमुक ना?' असं विचारायचं नाही, 'तुमचं नाव सांगा' म्हणायचं. तिला मी रविवारी कीर्तनाला न्यायला लागले, दादरच्या आमच्या देवळात. देवाधर्माचं तिला फारसं नव्हतं, पहिल्या खेपेला तर पर्समधून मोबाईल काढून बसली होती. मी तिला समजावलं, बघ, पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या माणसाच्या गोष्टीत भरून दाखवतात. नुसतं पहिलं सांगितलं तर श्रोते पेंगतात, नुसतं दुसरं सांगितलं तर करमणूक होते. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "म्हणजे मी पूर्वरंग आणि तुम्ही उत्तररंग." मी म्हटलं, "आणि कीर्तन एकच." हे आठवलं की अजून छातीत कुठंतरी गरम होतं, आणि लगेच तिथंच दुखतं.

बैठकीची कल्पना तिची. दर नव्या तुकडीला आम्ही दोघी मिळून एक वचन द्यायचो. अर्धं ती बोलायची: "चूक झाली तर रुग्णासाठी जे करायचं ते आधी, डॉक्टरांना ताबडतोब सांगायचं, रुग्णापासून काही लपवायचं नाही." उरलेलं अर्धं मी: "आणि या खोलीत तुम्ही जे सांगाल, ते शिकण्यासाठी. ते तुमच्या मार्कांत जाणार नाही, कॉलेजच्या कमिटीपुढं जाणार नाही." आणखी एक गोष्ट आम्ही आपसांत ठरवली होती, मुलांसमोर आपण दोघींनी कधी भांडायचं नाही. माझी आई मालवणी, ती म्हणायची, "इस्वास ठेव गो बाय, पन डोळे उघडे ठेवन ठेव." मी तिला हसायची. उघड्या डोळ्यांनी ठेवतात ती पाळत, विश्वास कसला?

सगळी मुलं उठून गेली तरी दीपिका मागं राहिली. घडी घातलेली चादर उलगडून पुन्हा घडी घालत होती. मी म्हटलं, "ती झालीय घडी." ती म्हणाली, "सिस्टर, सम्यक आजारी नाहीये." सम्यक हा ह्याच तुकडीतला मुलगा शनिवारपासून आला नव्हता, आणि ताप असेल असं मी धरून चालले होते. "त्याला पोस्टिंगमधून काढलंय. टर्म देणार नाहीत. म्हणजे वर्ष गेलं ना त्याचं." "कशावरून काढलं?" "ते इन्सुलिनवरून." मी म्हटलं, "ते कॉलेजला कुणी सांगितलं?" दीपिकानं चादरीचं टोक दातांत धरलं होतं. ते सोडून ती हळूच म्हणाली, "नम्रता मॅडमनी लिहून दिलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहिती असेल. तुम्ही दोघी तर…" आम्ही दोघी तर एकच. मुलांच्या लेखी मीही ते लिहून दिलं होतं. मघाचं ते 'नीट झालं', ते नम्रताइतकंच माझ्याही तोंडावर फेकलेलं होतं.

इन्सुलिनचं असं झालं होतं. दादरच्या फुलबाजारात हातगाडी ओढणारा शिवा पायाला जखम होऊन आमच्याकडं पडला होता. त्याची खाट भिंतीकडं, पंख्यापासून लांब. पंख्याखालच्या खाटेवर डायबेटिसचे एक काका, त्यांना वारा सोसेना. आमच्याकडचे रुग्ण अशा वेळी कुणाला विचारत नाहीत. दोघांनी आपसांत जमवलं, उशा उचलल्या आणि खाटा बदलल्या. वॉर्डात आम्ही सगळेच, मीसुद्धा, माणसाला खाटेच्या आकड्यानं ओळखतो. सम्यक इन्सुलिन घेऊन काकांच्या खाटेपाशी गेला, तिथं शिवा डोळे मिटून पडला होता. "काका, इन्सुलिन." शिवा म्हणाला, "दे रे बाबा, सुई म्हंजे सुई." नाव विचारायचं राहिलं. थोड्या वेळानं भिंतीकडून काकांची हाक आली, "ओ ब्रदर, माझी सुई विसरलास काय?" दुसरा कोणी असता तर गुपचूप काकांना त्यांची सुई देऊन मोकळा झाला असता. शिवा दुपारी जेवून झोपला असं सगळ्यांना वाटलं असतं, आणि तो त्या झोपेतून उठला नसता. सम्यक माझ्याकडं धावत आला. चेहरा राखेसारखा. "सिस्टर, माझ्याकडून चुकलंय, शिवाला इन्सुलिन गेलं." बस, एवढंच. सबब नाही, काकांनी खाट बदलली म्हणून तक्रार नाही. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज सुरू झालं, दुपारभर शिवाची साखर तपासत राहिलो. शिवाला सम्यकनं स्वतः सांगितलं. शिवानं आधी त्याला एक सणसणीत शिवी घातली, मग साखरपाण्याचा पेला रिकामा करत म्हणाला, "ब्रदर, एवढं गोड तर माझ्या लग्नात पण कुणी बोललं नव्हतं." डॉक्टरांनी केसपेपरवर सगळं लिहिलं. इस्पितळानं मुलाला दोष दिला नाही, उलट रुग्णांच्या मनगटाला नावाच्या पट्ट्या सुरू झाल्या. आणि त्या दिवशीच्या बैठकीत नम्रता त्याला म्हणाली होती, "सम्यक, आज तू नर्स झालास." तो पोरगा चादरींच्या थप्पीत तोंड खुपसून रडला होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. उघड्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गिरगावात गेले. बसच्या खिडकीतून लालबाग गेलं, भायखळा गेलं, मला काही दिसलं नाही. मी मनात नम्रताची बाजू मांडत होते. तिच्यावर दबाव आला असेल. तिनं विरोध केला असेल आणि तिचं चाललं नसेल. मुलांना खोटंच काही कळलं असेल. माणूस फसवला गेलाय हे सगळ्यांत शेवटी त्याच्या मनाला कळतं, त्याआधी पोटाला कळलेलं असतं. तिच्या खोलीत तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा सांगितला, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मला माहीत होतं तुम्ही येणार."

"मग तूच का नाही आलीस?"

"कांताताई, ऐकून घ्या. तपासणी आहे कॉलेजची. कुणीतरी प्राचार्यांच्या कानावर घातलं की आपल्या जोडपोस्टिंगमध्ये औषधाची चूक झाली आणि कॉलेजनं कारवाईच केली नाही. त्यांनी मला सरळ विचारलं. म्हणाल्या, एक तर मुलाचं नाव द्या, नाहीतर ही तुमची दोघींची पद्धतच बंद करू, मुलं पुन्हा आधीसारखी जातील. मी काय करायचं? बैठक वाचावी म्हणून केलं."

"आणि मुलगा?"

"एक टर्म आहे. पुढच्या तुकडीबरोबर करेल तो. हुशार आहे."

"बैठक वाचवलीस?" मी म्हटलं. "काल एकही मूल बोललं नाही, नम्रता. सगळं नीट झालं म्हणाली. आपल्या वॉर्डात! काल कुणाच्या अंगात काय गेलंय ते आता मला कळायचं नाही."

तिनं डोळे मिटले. शिपाई चहा ठेवून गेला. मला वाटलं, आता ती म्हणेल, चुकलं. मी तेवढ्यासाठीच गेले होते, देवाशप्पथ. तिनं म्हटलं असतं तर दोघी मिळून वर गेलो असतो, प्राचार्यांसमोर बसलो असतो. ती म्हणाली, "तुम्हाला कॉलेजातलं नाही कळायचं, कांताताई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मग मला एकदम रविवार आठवला. रविवारी ती देवळात माझ्या शेजारी होती. ससाण्याच्या भीतीनं एक पारवा राजाच्या मांडीवर येऊन पडतो आणि राजा त्याला द्यायचं नाकारतो, पारव्याच्या भारोभार आपलं मांस कापून देतो, ते आख्यान होतं. गजर झाला तेव्हा नम्रता टाळ्या वाजवत होती, आणि बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली होती, "आज डोळे भरून आले हो."

"लिहून कधी दिलंस?" मी विचारलं.

"शुक्रवारी."

"म्हणजे रविवारी माझ्याशेजारी बसलीस तेव्हा दिलेलं होतं."

काचेच्या पेल्यातल्या चहावर साय धरत होती. मी म्हटलं, "त्या राजानं आपलं मांस दिलं गं. पारवा नाही दिला." ती म्हणाली, "तुम्ही सगळ्याचं कीर्तन करता." खरं सांगू, तिनं नाव दिलं याचा मला जेवढा घाव बसला नाही, तेवढा ती टाळ्या वाजवत होती याचा बसला. तिचे डोळे त्या दिवशी खोटे भरले नसतील. हेच भयंकर आहे. खरेच भरले असतील.

चहा तसाच सोडून मी प्राचार्यांकडं गेले. त्यांनी मला बसवलं, इस्पितळाच्या सहकार्याबद्दल आभार मानले, आणि म्हणाल्या की हा कॉलेजचा अंतर्गत विषय आहे. अंतर्गत! मुलं आमच्या खाटांपाशी शिकणार, आमच्या रुग्णांच्या अंगावर हात बसवणार, आणि शिक्षेची वेळ आली की आम्ही बाहेरचे.

संध्याकाळी मी नायगावला सम्यकच्या घरी गेले. दारात पोचले तर आत बुद्धवंदना चालली होती. मी चपला काढून बाहेरच उभी राहिले. दुसऱ्याच्या घरची का असेना, प्रार्थना मधे तोडू नये. त्याच्या आईचा, शेवंतीबाईंचा आवाज कणखर, सुरात पक्का. तो सूर ऐकताना मला क्षणभर बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मग त्यांनी दार उघडलं. "या सिस्टर. बसा." पाणी दिलं, चहा टाकला. पाठमोऱ्याच बोलल्या, "आमच्या खानदानात पहिला हाय ओ हा, पांढरा कोट घालणारा. आख्ख्या मजल्याला दाखवला होता त्यानं. मी त्याला लहानपणापास्नं एकच शिकवलं, खोटं बोलायचं नाय. आता तुम्हीच सांगा, खोटं बोलला असता तर पास झाला असता, नाय का?"

मी म्हटलं, "पण तो माणूस गेला असता, शेवंतीबाई."

"ते मला कळतंय." त्या वळल्या. "मी मॅडमला कळतंय का इचारते."

सम्यक पलंगाच्या कडेला बसला होता. माझ्याकडं बघून हसला, आजारी माणसाला भेटायला आलेल्याकडं बघून हसतात तसा. मी त्याला म्हटलं, मला माहीत नव्हतं रे, मी लिहून दिलेलं नाही. तो म्हणाला, "माहितीये सिस्टर. तुम्ही नसतं दिलं." तेवढ्यानं मला भरून यायला हवं होतं. पण त्याच सुरात, तक्रार नाही, राग नाही, हिशोब संपवल्यासारखा तो म्हणाला, "मी करीन परत टर्म. नर्स होणारच मी. फक्त, पुढच्या वेळी असं झालं ना सिस्टर, तर मी पेशंटला वाचवीन, सगळं करीन. पण सांगणार नाही."

"न सांगता कसा वाचवशील?" मी म्हटलं. "शिवाच्या वेळी तू एकटा काय करणार होतास?"

त्यानं मान खाली घातली. त्याला उत्तर माहीत होतं आणि तरी तो ते शब्द मागं घेईना. त्या पोराच्या मनात एक दार होतं, आम्ही दोघींनी महिनोनमहिने खपून उघडलेलं. ते बंद होताना मी समोर बसून पाहिलं, आणि माझ्या हातात चहाची बशी होती.

बुधवारी नम्रता बैठकीला आली. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी. मुलं उभी राहिली, बसली. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, "आज आपल्यात पहिलं मॅडम बोलतील." मुलांसमोर भांडायचं नाही हे आमचं वचन मी मोडत होते, ते मला कळत होतं. मी देवाची करुणा भाकत होते, खरंच, तिथल्या तिथं, मनातल्या मनात: हिला बोलू दे. नुसतं 'मी वचन मोडलं' एवढंच. ही एवढं बोलली तर ही मुलं उद्या बोलतील. नम्रता माझ्याकडं झुकली, आणि आमची पूर्वीची सलगी असावी तशा हळू आवाजात म्हणाली, "मुलांसमोर नको, कांताताई."

मी मुलांना जायला सांगितलं. तेव्हापासून बैठक नाही. कॉलेजच्या कागदांवर आहे म्हणे, तपासणीवाल्यांना फार आवडली. नम्रता रविवारी दुसऱ्या बाजूला, खांबापलीकडं बसते. मी तिला उठ म्हणू शकत नाही, देऊळ काही माझं नाही. मी आता वॉर्डात प्रत्येक मुलाच्या मागं मागं फिरते, त्यांच्या हातांकडं बघत, आणि ती मला बघून हात अंगाशी घेतात.

सम्यक पुढच्या तुकडीबरोबर दुसऱ्या इस्पितळात जाईल. चांगला नर्स होईल तो. त्याच्या हाताला गुण आहे.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि मग मी तुम्हाला मोकळं करते. आज ना उद्या तुम्ही नाहीतर तुमचं कुणी कुठल्यातरी खाटेवर असाल. एखादं कोवळं पोर, पांढऱ्या कपड्यातलं, पांढऱ्याफटक तोंडानं तुमच्यापाशी येईल आणि म्हणेल, माझ्याकडून चूक झाली. तुम्हाला राग येईल. यावाच. शिवी द्यायची तर द्या, शिवानंही दिली होती. पण त्याचं बोलणं पुरं होऊ द्या, आणि नंतर त्याचं नाव विचारत त्याच्या साहेबाकडं धावू नका. तेवढ्या वेळापुरती आमच्या सम्यकची आठवण ठेवा.